पत्रिका म्हणून उघडली आणि खातं रिकामं झालं

प्रश्न: नमस्कार. आमचे बाबा ६८ वर्षांचे, सूतगिरणीतनं रिटायर झालेत. तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरनं लग्नाची पत्रिका आली, त्यांनी उघडली, पत्रिका काय दिसली नाही आणि रात्रीत खात्यातनं ३८ हजार गेले. भाऊ ओरडेल म्हणून दोन दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही. आता फोनला हातसुद्धा लावत नाहीत. पैसे परत मिळतील का?
— एक लेक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, अजून केला नसेल तर आत्ताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा, हे पुढचं नंतर वाचा. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार नंबर, तारीख, वेळ, रक्कम हाताशी ठेवा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार, आणि बँकेत स्वतः जाऊन अर्ज देऊन पोच घ्या. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, कारण चोर ते लगेच चार खात्यांत फिरवून काढून घेतात, मधल्या कुठल्या खात्यात अडकले असतील तरच थांबवता येतात. पण तक्रार झालीच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं असतं.

ती पत्रिका नव्हतीच ओ. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ नाहीतर पीडीएफ असते. फाईलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ते ॲप असतं, ते फोनमध्ये बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण हो म्हटलं की बँकेचा ओटीपी थेट चोराकडं. वर तीच फाईल आपल्या नंबरवरनं पाहुण्यारावळ्यांना जाते, म्हणून तर ओळखीच्या माणसाकडनं आली! म्हणजे त्या माणसाचाही फोन चोरांच्या ताब्यात गेलाय, त्याला आणि ग्रुपला आज सांगा. आरटीओचं चलन, लाईट बिल, ह्या नावानंही हेच येतं.

बाबांच्या फोनचं नेट बंद करा, पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरनं बदला, फोनमधले फोटो दुसरीकडं काढून ठेवा आणि फोन पूर्ण रिसेट मारा. आणि आता कुणी फोन करून म्हणेल की तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी भरा, तर तो दुसरा चोर.

आता भावाशी बोला. दोन दिवस गेले ते बाबांना फोन कळत नाही म्हणून नाही, घरात बोलणी बसतील ह्या धास्तीनं गेले, हे त्याला नीट समजवा. बाबांचा फोन काढून घेऊ नका, तालमीची माणसं त्यांना त्यावरच भेटतात. पेन्शनच्या खात्याला यूपीआय ठेवूच नका, वेगळं छोटं खातं काढा, त्यात दूध-भाजीपुरते दोन-तीन हजार ठेवा आणि तेवढंच फोनला जोडा.