माउंटन मिंट लावताय? बी मातीत पुरू नका

पहिलीच वेळ आहे ना, मग आधी बियांचं बोलू. माउंटन मिंटचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. मी पहिल्यांदा सवयीने वर माती पसरली आणि महिनाभर रिकाम्या ट्रेकडे बघत बसलो! बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, तळव्याने हलकं दाबा. पाणी फवाऱ्यानेच द्या, झारीने ते वाहून जातं.

हे उत्तर अमेरिकेचं मूळचं झाड, पुदिन्याच्याच कुळातलं. खोड बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. जातींमध्ये गवताळ कुरणासाठी मी अरुंद पानांची निवडेन. रुंद पानांची दिसते देखणी, फुलांखालची पानं चंदेरी असतात, पण ती जमिनीखालून जास्त हातपाय पसरते. अर्थात साध्या पुदिन्याइतका उच्छाद कुठलीच मांडत नाही. वाढलेला गड्डा वसंतात कुदळीने तोडून दुसरीकडे लावला की झालं.

ऊन भरपूर हवं. खताचं सोडा.

पहिल्या वर्षी फुलं नाही आली तर उपटून टाकू नका, ते मुळं धरतंय. फुलायला लागलं की भर उन्हाळ्यात दुपारी जवळ उभे राहा. एका गेंदात रोज थोडीच फुलं उमलतात, त्यामुळे बहर कित्येक आठवडे चालतो. मधमाश्या, गांधीलमाश्या, फुलपाखरं, सगळ्यांची एकच झुंबड. गांधीलमाश्यांना घाबरू नका, त्यांचं लक्ष मधावर असतं. हरणंही वासामुळे सहसा तोंड लावत नाहीत.