अपडेटची तपासणी हलकी कशी करावी?

प्रश्न: माझे मोबाइल अ‍ॅप नवे अपडेट आले आहे का हे पाहण्यासाठी दर तासाला सर्व्हरवरून संपूर्ण यादी उतरवून घेते. त्यामुळे बॅटरी आणि डेटा खर्च होतो, अशी वापरकर्त्यांची तक्रार आहे. यावर उपाय काय?

उत्तर: बॅटरीची तक्रार अधिक गंभीरपणे घ्यावी, कारण मोबाइल नेटवर्कवर मोजकेच बाइट मागवले तरी फोनचा रेडिओ (नेटवर्कशी संपर्क साधणारा भाग) जागा होतो आणि देवाणघेवाण संपल्यानंतरही काही सेकंद जास्त वीज घेत राहतो. म्हणून आधी तपासण्यांची संख्या घटवावी. माझ्या मते बहुतेक अ‍ॅपना दिवसातून एक तपासणी पुरते. तिची नेमकी वेळ स्वतः न ठरवता ती अँड्रॉइड ५.० पासून उपलब्ध असलेल्या जॉबशेड्युलरकडे (अ‍ॅपची कामे केव्हा चालवायची हे ठरवणाऱ्या प्रणालीच्या सेवेकडे) सोपवावी, म्हणजे प्रणाली अनेक अ‍ॅपची कामे एकत्र उरकू शकते आणि वायफाय किंवा चार्जिंगची अटही घालता येते.

यादी मागवताना सर्व्हरने मागील वेळी दिलेला ईटॅग, म्हणजे यादीच्या त्या आवृत्तीची ओळखखूण, सोबत पाठवावा. यादी बदललेली नसेल, तर तशी सोय असलेला सर्व्हर केवळ ३०४ हा ‘बदल नाही’ असा संकेतांक पाठवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्त्यांसाठी मात्र पुश संदेशाची (सर्व्हरने स्वतःहून फोनला पाठवलेल्या सूचनेची) वेगळी व्यवस्था ठेवावी, आणि उतरवलेल्या फाइलच्या डिजिटल स्वाक्षरीची (फाइल मूळ निर्मात्याचीच आहे आणि बदललेली नाही हे दाखवणाऱ्या खुणेची) पडताळणी वेगासाठी कधीही वगळू नये.