वाचकांचे प्रश्न : पित्तनलिका बांधलेले उंदीर का दगावतात?

प्रश्न : पित्त तुंबून होणाऱ्या यकृतविकारावर एका वनस्पतीच्या अर्काचा उपयोग होतो का, हे मी प्रकल्पासाठी तपासते आहे. पित्तनलिका बांधलेले उंदीर चौथ्या-पाचव्या दिवशीच मरतात. चुकतं कुठे? रॅट (आकाराने मोठी उंदराची जात) वापरू का?
– एम. फार्म. विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : मेलेला प्रत्येक उंदीर उघडून बघा. पोटात पिवळा द्राव साचला असेल तर पित्त गळलं आहे. नलिका बांधल्यावर उंदराचं पित्ताशय फुगत जातं आणि शस्त्रक्रियेत त्याला चिमटा लागला असेल तर तिथेच फुटतं. म्हणून पित्ताशयाला हात लावू नका. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने यकृत वर सारा, मुख्य नलिका पोर्टल व्हेन (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर) आणि यकृत धमनीपासून बोथट टोकाच्या चिमट्याने सावकाश सोडवा. 5-0 किंवा 6-0 जाडीच्या रेशमी धाग्याच्या दोन गाठी मारा, आणि त्या स्वादुपिंडाची नळी जिथे येऊन मिळते त्याच्या वर, यकृताच्या बाजूला. खाली बसल्या तर स्वादुपिंडाला सूज येते आणि रक्ताचे आकडे बिघडतात. वेदनाशामक चुकवू नका. फक्त पोट उघडून बंद केलेला, न बांधलेला गटही तुलनेसाठी हवाच.

सैल गाठीचा धोका मला गळतीपेक्षा मोठा वाटतो. नलिका पुन्हा वाहती झाली की रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) उतरतं, उंदीर टवटवीत दिसतो आणि श्रेय अर्काला जातं. शेवटी प्रत्येक प्राण्यात गाठीच्या वरची नलिका फुगलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून नोंदवा.

रॅटला पित्ताशय नसतं, नलिकाही मोठी. हात बसेपर्यंत तेच बरे. साधारण चार आठवड्यांत सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी कठीण होणं) दिसतो. पण लक्षात घ्या, आतड्यात पित्तच उतरत नसल्याने स्निग्ध पदार्थांत विरघळणारा अर्क तोंडावाटे दिला तर नीट शोषला जाणार नाही. 'के' जीवनसत्त्वाचंही तेच होतं, म्हणून रक्तस्राव होतो. शिवाय अर्क पहिल्या दिवसापासून दिलात तर तो प्रतिबंध झाला, उपचार नव्हे.

खडा किंवा ट्यूमरमुळे नलिका तुंबते, त्या आजाराला नलिका बांधण्याचं हे प्रारूप (मॉडेल) जुळतं. स्क्लेरोझिंग कोलँजायटिसबद्दल (पित्तनलिका सुजून आक्रसत जाण्याचा आजार) बोलायचं असेल तर एमडीआर2 जनुक काढलेले उंदीर घ्या : त्यांच्या पित्तात फॉस्फोलिपिड (पित्तक्षारांना बांधून ठेवणारा स्निग्ध घटक) उतरत नाही आणि मोकळे पित्तक्षार नलिकेच्या भिंतीला जाळतात. 0.1 टक्का डीडीसी हे रसायन मिसळलेला आहार हा दुसरा मार्ग. त्यात पॉर्फिरिन या रंगद्रव्याच्या गुठळ्या नलिका बुजवतात.

कोणतंही प्रारूप घ्या, उंदराचं पित्त माणसासारखं नसतं. सीवायपी2सी70 या एन्झाइममुळे त्यात म्युरिकोलिक आम्ल हे पित्ताम्ल भरपूर असतं आणि ते पित्त सौम्य पडतं. तुमचा अर्क पित्तक्षारांवरच काम करतो असा दावा असेल, तर हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत तो पुन्हा तपासावा लागेल.

नैतिकता समितीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरताना अपेक्षित मृत्यू आणि वजन किती घटल्यावर प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आकड्यांत लिहा.