ॲलर्जीच्या थेंबांसाठी ८४ हजार एकरकमी भरावेत का?

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक) : मुलगी ११ वर्षांची आहे. वर्षभर शिंका, रात्री नाक बंद, कधीकधी छातीत घरघर. तपासणीत धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी जिभेखाली घ्यायच्या थेंबांची ३ वर्षांची इम्युनोथेरपी सुचवली आहे. दरमहा २,८०० रुपये, किंवा आत्ताच एकरकमी ८४,०००. सध्या स्प्रे, गोळ्या आणि फी मिळून महिन्याला १,८०० जातात. पगार ७८,०००, घरखर्च ५५,००० (त्यातच हे औषधपाणी), एसआयपी १२,०००. अडीअडचणीसाठी २,४०,००० ची एफडी आहे. ती मोडून पॅकेज घ्यावे का? आणि हा खर्च वसूल होतो का?

उत्तर : उपचार तुम्हाला परवडतो. पॅकेज मात्र घेऊ नका, आणि एफडीला हात लावू नका.

आधी वसुलीचे पाहू. ३ वर्षांचे थेंब म्हणजे १,००,८०० रुपये. पहिल्या वर्षी स्प्रे-गोळ्या सुटतील असे धरू नका. थेंबांचा परिणाम दिसायला काही महिने ते वर्ष लागते, तोवर दोन्ही खर्च सोबत चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी औषधे निम्मी झाली तर २१,६०० वाचतील. नंतर महिना १,२०० वाचत राहिले, तरी उरलेले ७९,२०० भरून यायला आणखी साडेपाच वर्षे हवीत. म्हणून ही गुंतवणूक समजू नका. गोळ्या लक्षणे दाबतात. इम्युनोथेरपी शरीराची त्या ॲलर्जनबद्दलची (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाबद्दलची) सहनशीलता वाढवते आणि पूर्ण केली तर तिचा लाभ थांबवल्यानंतरही काही वर्षे टिकू शकतो. मुलीची झोप आणि शाळा सावरण्यासाठी पैसे घालायचे असतील, तर ते योग्य कारण आहे.

आता पॅकेज. कागदावर सवलत चांगली दिसते: १६,८०० ची बचत म्हणजे वर्षाला सुमारे १३ टक्के परतावा, एफडीपेक्षा बराच जास्त. पण तो मिळतो फक्त ३६ महिने पूर्ण झाले तर. ८४,००० ला २,८०० ने भागा, ३० येतात. तिसाव्या महिन्याआधी उपचार थांबला तर पॅकेज महाग पडले. आणि थांबण्याची कारणे खरीखुरी आहेत. वर्षभरात काहीच फरक नसेल तर उपचाराचा फेरविचार करतात, बऱ्याचदा थांबवतात. तेव्हा महिन्याने भरणाऱ्याचे ३३,६०० गेलेले असतात, तुमचे ८४,०००. शिवाय बदली होते, तोंडाला त्रास होतो. आणि सर्वांत जास्त घडते ते हे की रोजचा डोस कंटाळ्याने सुटतो. ३ वर्षांच्या बाटल्या काही आज हातात मिळत नाहीत, त्यांना मुदत असते. तुम्ही आज विकत घेता ते क्लिनिकचे आश्वासन. न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील असे लेखी देत असतील तरच विचार करा. नाहीतर १२ महिन्यांचा टप्पा मागा, त्यावर थोडी सूट द्यायला अनेक जण तयार होतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ सुचवला तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी विचारून घ्या, आणि रोख भरणाऱ्याची सूट त्यात बुडते का तेही.

८४,००० काढल्यावर एफडीत १,५६,००० उरतील, म्हणजे तीन महिन्यांचाही घरखर्च नाही. आजही ती साडेचार महिन्यांपेक्षा कमीच आहे.

उलट धोकाही तितकाच मोठा आहे: दुसऱ्या वर्षी बरे वाटले म्हणून किंवा हात आखडला म्हणून सोडून देणे. गवताच्या परागांवरील लंडनच्या एका चाचणीत (२०१७) दोनच वर्षांचा उपचार थांबवल्यावर, वर्षभराने त्याचा फायदा औषध नसलेल्या गटापेक्षा वेगळा दिसला नाही. म्हणून सोय अशी करा. पगार, खर्च आणि एसआयपीनंतर तुमच्याकडे ११,००० उरतात. वेगळे बचत खाते उघडून पगाराच्या दिवशी ३,५०० तिकडे वळते करा: २,८०० थेंबांचे, ७०० तपासण्या आणि भाववाढीसाठी. दिवाळीच्या बोनसमधून १५,००० त्यातच टाका. शाळेची फी आणि विम्याचा हप्ता एकाच महिन्यात आला तरी थेंब थांबणार नाहीत. एसआयपी कमी करायची गरज नाही.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी. घरघर आहे, तर आधी स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसे तपासणारी चाचणी) करून घ्या. दमा आटोक्यात नसताना हा उपचार सुरू करत नाहीत. चाचणीत सापडलेले ॲलर्जन आणि मुलीची लक्षणे जुळतात का, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. नुसता पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नव्हे. बाटलीत काय आहे ते नावानिशी, तीव्रता आणि मुदतीसह बिलावर घ्या. दहा-वीस गोष्टींचे मिश्रण देत असतील तर दुसऱ्या ॲलर्जीतज्ज्ञाचे मत घ्यायला फी मोजा, ती वाया जाणार नाही. आणि पहिला डोस क्लिनिकमध्येच, नंतर अर्धा तास देखरेखीत. तिथे ॲड्रिनलिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) हवेच.

घरी बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात नाही आणि फ्रीझरजवळही नाही. गोठलेले औषध टाकावे लागते. तोंडात जखम, दात काढलेला, ताप किंवा घरघर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस. काही दिवस खंड पडला तर मनाने सुरू करू नका. सोबत उशी-गादीला माइटरोधक खोळी आणि चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणे हा खर्च छोटा आहे, तो करा.

इंजेक्शनचा पर्याय दिला तर फक्त डोसचा दर बघू नका. सुरुवातीचे काही महिने बहुधा दर आठवड्याला, पुढे महिन्याला फेरी, प्रत्येक वेळी अर्धा तास थांबणे. रिक्षा आणि बुडालेल्या सुट्ट्या मोजल्यावर तुमच्या घरी थेंबच स्वस्त पडतील.

विमा बहुतेक उपयोगी पडणार नाही. हा ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा, खर्च आहे. ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडी मर्यादा आहे का, हे एचआरला ई-मेलने विचारा. स्वतःची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) घेणार असाल तर मुलीची ॲलर्जी अर्जात नक्की लिहा. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३ वर्षे असतो. लपवले तर पुढे दम्याचा अटॅक येऊन दाखल करावे लागले आणि क्लेम नाकारला, तर ते नुकसान ८४,००० पेक्षा मोठे असेल.