लेझर कटिंग करून लाकडी डेस्क ऑर्गनायझर बनवायचा आहे. डिझाइनसाठी कोणते सॉफ्टवेअर शिकावे? ओळखीचे सुतार मरिन (जलरोधक) प्लायच घ्या म्हणतात, ते बरोबर आहे का?

सॉफ्टवेअरचा प्रश्न एका वाक्यात संपतो. इंकस्केप विनामूल्य आहे आणि या कामाला पुरेसे आहे. रेषा टोकाला टोक जुळून बंद असल्या आणि एकावर एक दोनदा पडलेल्या नसल्या, की त्या कशात काढल्या याच्याशी लेझरला काही देणेघेणे नसते. मी लिहायला बसलो आहे तो तुमच्या सुतारांच्या सल्ल्यामुळे, कारण हाच सल्ला मला आमच्या दाजींनी दिला होता आणि त्यावरून सुरू झालेला वाद आजही प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला येऊन बसतो.

दाजींची हयात प्लायवुडच्या धंद्यात गेली. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी मी पेनांचे उभे खण, मोबाइलची खाच आणि मागे वह्यांचा कप्पा असे डिझाइन केले, तेव्हा त्यांनी न विचारता दुकानातून ४ मिमीची मरिन शीट पाठवली. ‘‘हलका माल घेऊ नकोस, पाण्यात टाकलास तरी काही होणार नाही,’’ असा निरोपही सोबत होता. त्यांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून तीच शीट घेऊन मी जॉबवर्कवाल्याकडे गेलो. वरचा थर स्वच्छ कापला गेला, पण शीट उलटून पाहिली तर मागच्या बाजूला जेमतेम तपकिरी रेघ उमटलेली. वेग कमी करून पुन्हा फिरवल्यावर कडा कोळशासारख्या काळ्या पडल्या, एका ठिकाणी आतल्या थरातल्या पोकळीत ज्वाळ धरली आणि तरीही निम्मे भाग पात्याने सोडवावे लागले. दाजींचा निष्कर्ष ठरलेला होता: मशीनमध्ये दम नाही.

मशीनचा काही दोष नव्हता. आय.एस. ७१० या भारतीय मानकाचे मरिन प्लाय फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले असते. ज्या गुणामुळे ते उकळत्या पाण्यातही सुटत नाही, तोच गुण लेझरच्या आड येतो, कारण हे रेझिन सहज उडून न जाता जळून कोळसा होते आणि किरणाला तिथेच अडवते. आय.एस. ३०३ मधले एम.आर. (ओल सहन करणाऱ्या) ग्रेडचे प्लाय साधारणपणे युरिया-फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात आणि ते बरेच सहज कापले जाते. टेबलावर पेने ठेवायच्या वस्तूला जलरोधक प्लाय कशाला हवे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर दाजींनी अजून दिलेले नाही.

वादाचा दुसरा भाग जाडीचा आहे आणि तुमच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ४ मिमी म्हणून आलेली ती शीट कॅलिपरवर ३.६ भरली. उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचा ४ मिमीच्या काढल्या असत्या, तर लेझरने जाळलेल्या रुंदीमुळे त्या ४.२ झाल्या असत्या आणि प्रत्येक सांध्यात ०.६ मिमीची फट राहिली असती. दाजी म्हणतात, ‘‘भुसा आणि फेविकॉल भर, वरून पॉलिश मार, कोणाला दिसतंय?’’ करवतीच्या कामात ही युक्ती चालत असेल, पण लेझरने कापलेल्या वस्तूचे सारे सौंदर्य सांध्यात असते आणि तिथेच लांबी (पुट्टी) भरायची असेल, तर लेझरवर पैसे घालवू नयेत.

म्हणून आधी शीट घ्या, ती चार कोपऱ्यांवर मोजा आणि मगच रेखाटनाला हात घाला. त्याच शीटच्या तुकड्यावर ०.१ मिमीच्या फरकाने सहा-सात खाचा कापून पाहा. ज्या खाचेत दुसरा तुकडा अंगठ्याच्या दाबाने बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही, तेच तुमचे माप. वर सांगितलेल्या शीटला ते ३.४ आले. इंटरनेटवरची तयार फाइल वापरायची असली तरी ही चाचणी टळत नाही, कारण ती फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी शीटच्या जाडीवर बेतलेली असते. आतल्या खाचा आधी आणि बाहेरची कड शेवटी, हा क्रम कापणाऱ्याला बजावून सांगा. कड आधी सुटली तर तुकडा हलतो आणि खाच सरकते.

आता काही खुलासे करतो. एम.डी.एफ. (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) प्लायपेक्षा एकसारखे कापले जाते, पण ओल लागली की कडेने फुगते; कोकणात राहत असाल तर त्याला सीलर लावल्याशिवाय पावसाळा काढू देऊ नका. पी.व्ही.सी.चा फोम बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी लेझरखाली घालू नका, त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुप्फुसे आणि मशीन दोन्ही खातो. मी दिलेली मापे कार्बन डायऑक्साइड लेझरची आहेत. घरगुती डायोड लेझरवर जाळलेली रुंदी वेगळी येईल, चाचणी मात्र हीच. आणि स्वयंपाकघरात सिंकखालचे कपाट करायचे असेल, तर तुमच्या सुतारांचे आणि आमच्या दाजींचे ऐका, तिथे मरिन प्लायच हवे.