तीन मजली इमारतीचा पहिला अंदाज किती खरा मानावा आणि खर्चाचे नियोजन कसे करावे?

तुमच्या संस्थेला तीन मजली प्रशिक्षण केंद्र बांधायचे आहे आणि आर्किटेक्टने प्राथमिक नकाशांवरून, क्षेत्रफळाला दर लावून, एकूण खर्चाचा एक आकडा दिला आहे. तो कितपत खरा मानावा, त्यावरून पक्के अंदाजपत्रक कसे तयार करावे आणि कार्यकारिणीतील काही सदस्य म्हणतात त्याप्रमाणे आकस्मिक खर्चाची तरतूद काढून टाकावी का, असे तुम्ही विचारले आहे. इमारतींची मोजमापे घेणे, अंदाजपत्रके करणे आणि कंत्राटदारांची बिले तपासणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देत आहे.

आर्किटेक्टने दिलेला आकडा चुकीचा आहे असे समजण्याचे कारण नाही, परंतु त्याला अंदाजपत्रक म्हणू नये. क्षेत्रफळ गुणिले दर हा हिशेब दिसायला सोपा असतो आणि त्यातले दोन्ही घटक संदिग्ध असतात. क्षेत्रफळ भिंतींच्या आतले धरले की बाहेरचे, जिने, व्हरांडे, गच्चीवरील पाण्याच्या टाकीची खोली आणि वाहनतळ त्यात आहेत की नाहीत, हे आधी लेखी विचारून घ्यावे. दर कोणत्या इमारतीवरून घेतला, ती किती मजली होती, तिचे बांधकाम कधी झाले आणि त्यानंतरच्या भाववाढीचा हिशेब कसा केला, हेही विचारावे. जुन्या इमारतीच्या वेळी बांधकाम खर्चाचा निर्देशांक १२० असेल आणि आज १३८ असेल, तर जुना दर १५ टक्क्यांनी वाढवल्याशिवाय वापरताच येत नाही. दर एकमजली इमारतीचा असेल तर अडचण आणखी वेगळी आहे, कारण मजले वाढले की पाया आणि छप्पर यांचा खर्च अधिक क्षेत्रफळावर वाटला जातो, उलट लिफ्ट, आगप्रतिबंधक व्यवस्था आणि पाणी चढवणारे पंप हे खर्च नव्याने येतात.

माझ्या मते खरा प्रश्न हा आकडा बरोबर की चूक हा नाही. तो आकडा तुम्हाला परवडणारा असेल, तर तो मर्यादा म्हणून घोषित करावा आणि नकाशे पक्के होण्यापूर्वीच इमारतीच्या निरनिराळ्या भागांत वाटून टाकावा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये शाळांच्या इमारती मोठ्या संख्येने बांधाव्या लागल्या, तेव्हा तेथील शिक्षण मंत्रालयाने प्रति विद्यार्थी खर्चाची मर्यादा घालून दिली आणि इमारतीच्या प्रत्येक अंगाचा खर्च स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत १९५० च्या सुमारास तिथे रूढ होत गेली. पाया, सांगाडा, भिंती, दारे-खिडक्या, गिलावा व फरशी, नळकाम, वीजकाम, आवारातील कामे असे भाग पाडून प्रत्येकाला आपला वाटा द्यायचा. मग नकाशाच्या प्रत्येक टप्प्यावर त्या भागाचा खर्च पुन्हा काढायचा आणि तो वाट्याबाहेर गेला, तर वाढीव रक्कम कोणत्या भागातून काढायची हे तेव्हाच ठरवायचे. ‘आधी आराखडा होऊ द्या, खर्च नंतर काढू’ या क्रमाने गेल्यास खर्च फक्त कळतो, त्यावर ताबा राहत नाही.

सुरुवातीच्या निर्णयांचे वजन किती असते, ते दोन उदाहरणांवरून दिसेल. एका मजल्याचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर हवे असेल, तर १० बाय १० मीटरच्या चौकोनाचा परीघ ४० मीटर होतो आणि २० बाय ५ मीटरच्या आयताचा ५० मीटर. मजल्याची उंची ३ मीटर धरली, तर बाहेरची भिंत पहिल्यात १२० आणि दुसऱ्यात १५० चौरस मीटर, म्हणजे तेवढ्याच जागेसाठी पंचवीस टक्के जास्त भिंत, जास्त गिलावा, जास्त रंग आणि पायाची जास्त लांबी. उजेड आणि वारा खेळता राहावा म्हणून लांबट आकार योग्यही असेल, पण त्याची किंमत माहीत असून तो निवडलेला असावा. दुसरे उदाहरण खांबांमधील अंतराचे. दोन्ही टोकांना साध्या आधारावर असलेल्या आणि सलग समान भार वाहणाऱ्या तुळईतील बेंडिंग मोमेंट (भारामुळे तुळईला वाकवू पाहणारा जोर) गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तेवढाच भार धरून गाळा ५ मीटरवरून ७ मीटर केला की ते जवळजवळ दुप्पट होते, आणि छेद (तुळईची रुंदी व खोली) तोच ठेवल्यास तुळई सुमारे पावणेचार पट जास्त झुकते. म्हणून तुळईची खोली वाढवावी लागते, सळई वाढते, कधी मजल्याची उंचीही वाढते. प्रशिक्षण केंद्रात एखादे मोठे सभागृह खांबांशिवाय हवे असेल, तर ते सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवता येईल का, असे आर्किटेक्टला जरूर विचारा. तिथे त्याच्या डोक्यावर केवळ छताचा भार असतो.

नकाशे पक्के झाल्यावर सविस्तर मोजमापांवरून परिमाणपत्रक, म्हणजे कोणते काम किती याची बाबवार यादी, तयार होते आणि प्रत्येक बाबीला दर लावला जातो. इथे घाई चालत नाही. काँक्रीटचेच पाहा. ३०० बाय ३०० मिलिमीटरच्या ३ मीटर उंच खांबात ०.२७ घनमीटर काँक्रीट बसते, पण त्याच्या चारही बाजूंनी ३.६ चौरस मीटर सेंटरिंग (ओले काँक्रीट धरून ठेवणारा साचा) लागते, म्हणजे घनमीटरमागे १३ चौरस मीटरहून जास्त. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला घनमीटरमागे साधारण पावणेसात चौरस मीटर पुरते. सळईचे प्रमाणही दोन्हींत निराळे. तरीही ‘काँक्रीट, सेंटरिंग व सळईसह’ असा एकच दर सर्वांना लावलेली अंदाजपत्रके मी सर्रास पाहतो. अशा दराने एकूण रक्कम कदाचित जुळते, पण पुढे खांबांची संख्या वाढली किंवा स्लॅबची जाडी बदलली की फरकाचा हिशेब कशाच्या आधारे करायचा, यावर वाद सुरू होतो. सळईचे वजनही पडताळून पाहणे सोपे आहे: व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ केला की मीटरमागे किलोग्रॅम मिळतात, त्यामुळे १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते.

दराचे विश्लेषण मागावे. त्यात साहित्य, नासाडी, मजुरी, यंत्रे, कंत्राटदाराचा व्यवस्थापन खर्च आणि नफा हे वेगवेगळे दिसले पाहिजेत. ज्या बाबींचा तपशील अजून ठरलेला नाही, उदाहरणार्थ सभागृहाची ध्वनिव्यवस्था, त्यांच्यासाठी ठोक तरतूद असे स्पष्ट लिहून रक्कम धरावी. अशा तरतुदी फार झाल्या, तर आराखडा अपुरा आहे असे समजावे.

अंदाजपत्रकाच्या बाहेर राहणारे खर्च हा तोट्याचा सर्वांत नेहमीचा मार्ग आहे. सल्लागारांचे शुल्क, परवानग्या, माती परीक्षण, साहित्याच्या चाचण्या, विमा, कर, वीज व पाण्याच्या जोडण्या, कर्ज घेतले असल्यास बांधकामाच्या काळातील व्याज, फर्निचर आणि स्थलांतर हे सर्व संस्थेच्या खिशातून जाते, मग ते कंत्राटदाराच्या निविदेत असो वा नसो. भाववाढही आजच्या दरांत येत नाही. काम एका वर्षाने सुरू होऊन दोन वर्षे चालणार असेल, तर त्याचा मध्य आजपासून दोन वर्षांवर येतो. वर्षाला ६ टक्के वाढ गृहीत धरली तर त्या मध्यापर्यंतची वाढ १२.३६ टक्के होते. हा ठोकताळाच आहे, तरी भाववाढ शून्य धरण्यापेक्षा निश्चितच बरा. माती परीक्षणावर होणारा खर्च वाचवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जमिनीखालची अनिश्चितता कागदावर कितीही मोजमापे करून कमी होत नाही.

निविदा उघडल्यावर केवळ खालची बेरीज पाहू नये. काही कंत्राटदार खोदकाम आणि पाया यांसारख्या आधी होणाऱ्या बाबींचे दर चढे ठेवतात आणि शेवटच्या रंगकाम-फरशीचे दर पाडतात. सुरुवातीच्या बिलांतच त्यांना बराचसा पैसा मिळतो आणि पुढे काम रेंगाळले तर तुमच्या हाती दबाव आणण्यासारखे फारसे उरत नाही. ज्या बाबीचे परिमाण वाढणार हे त्यांनी ओळखलेले असते, तिचा दरही असाच चढा असतो. म्हणून प्रत्येक बाबीचा दर आपल्या अंदाजाशेजारी ठेवून पाहावा.

काम सुरू झाल्यावर ‘आतापर्यंत किती खर्च झाला’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्या समित्या फसतात. समजा एकूण अंदाज १०० एककांचा आहे, आजपर्यंत ४० एककांचे काम व्हायला हवे होते आणि प्रत्यक्ष खर्च ३६ आहे. सभेत समाधान व्यक्त होईल. पण मोजमाप घेतल्यावर झालेले काम फक्त ३० एककांचे निघाले, तर ३० भागिले ३६ म्हणजे ०.८३ एवढीच खर्चाची कार्यक्षमता आहे आणि याच चालीने काम पूर्ण व्हायला १२० एकके लागतील. म्हणून दर महिन्याच्या तक्त्यात झालेल्या कामाची किंमत, दिलेली बिले, शब्द दिलेले पण अजून बिल न आलेले खर्च आणि काम संपेपर्यंतचा नवा अंदाज असे चार रकाने हवेत. जादा बाबींना खर्च आणि मुदत या दोन्हींवरील परिणामासह लेखी मंजुरी आधी, काम नंतर, हा नियम कोणासाठीही मोडू नये. समितीच्या अध्यक्षांनी साइटवर तोंडी सुचवलेली भिंत हीसुद्धा जादा बाबच असते.

आराखडा अपुरा असताना काम सुरू केल्यावर काय होते, याचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे आहे. १९५७ मध्ये तिचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास होता. १९५९ मध्ये, छताच्या कवचांची रचना ठरलेली नसताना, खालच्या चौथऱ्याचे काम सुरू झाले आणि पुढे तिथले खांब छताचा भार पेलण्यास अपुरे ठरल्याने ते नव्याने करावे लागले. १९७३ मध्ये इमारत पूर्ण झाली, तेव्हा खर्च १० कोटी २० लाख डॉलर झाला होता. तुमची इमारत तशी नाही हे उघड आहे, पण पायाचे काम लवकर सुरू करण्याचा आग्रह सर्वच समित्यांत होतो. पुढे पैसे कमी पडले की कात्री फरशी, खिडक्या, नळकाम आणि आवार यांवरच चालते, कारण पाया आणि सांगाडा तोवर ओतून झालेले असतात. परिणामी वापरणाऱ्यांचा रोज संबंध येतो तेच भाग निकृष्ट होतात.

आता आकस्मिक तरतुदीबद्दल. ती ‘फुगवटा’ आहे असे सदस्यांना वाटते, याचे एक कारण असे, की ती बहुतेक ठिकाणी ठराविक टक्केवारी म्हणून शेवटी चिकटवलेली असते आणि ती कशासाठी आहे हे कुणीच सांगत नाही. तिचे निदान दोन भाग करा: आराखड्यातील अजून न ठरलेल्या गोष्टींसाठी एक आणि बांधकामात निघणाऱ्या अडचणींसाठी दुसरा. पहिला भाग नकाशे पक्के होत जातील तसा कमी होऊन निविदेच्या वेळी जवळजवळ संपला पाहिजे. भाववाढ त्यात मिसळू नये आणि ही रक्कम दरांत लपवूही नये. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शनात सार्वजनिक प्रकल्पांचे सुरुवातीचे अंदाज हमखास आशावादी असतात असे गृहीत धरून, नेहमीच्या पद्धतीच्या इमारतींच्या भांडवली खर्चात २ ते २४ टक्के आणि वेगळ्या धाटणीच्या इमारतींच्या खर्चात ४ ते ५१ टक्के वाढ धरण्याचा पल्ला दिला आहे. पल्ल्याचे वरचे टोक सुरुवातीच्या कच्च्या अंदाजासाठी असते आणि जोखमी हाताळल्या जातील तसे खाली यायचे असते. तुमच्याकडे अजून माती परीक्षण झालेले नाही, सभागृहाचा तपशील ठरलेला नाही आणि नकाशे प्राथमिक आहेत, तेव्हा तरतूद काढून टाकण्याची ही वेळ नव्हे. सदस्यांची शंका रास्त आहे ती तिच्या वापराबद्दल. म्हणून त्या रकमेतून खर्च करण्याचा अधिकार साइटवरील अभियंत्याकडे किंवा कंत्राटदाराकडे न देता समितीने नेमलेल्या एका व्यक्तीकडे द्यावा आणि प्रत्येक उचल कोणत्या कारणासाठी झाली व आता शिल्लक किती आहे, ही नोंद मासिक तक्त्यात पाचवा रकाना म्हणून ठेवावी.