वाचकांच्या शंका : नानजिंगच्या डोंगरावरील समाधी

मागच्या अंकात नानजिंग शहरातल्या डॉ. सन यत सेन यांच्या समाधीची ओळख करून दिली होती. चिनी प्रजासत्ताकाचे हे पहिले हंगामी अध्यक्ष १२ मार्च १९२५ रोजी बीजिंगमध्ये वारले आणि १ जून १९२९ रोजी नानजिंगच्या जांभळ्या डोंगराच्या दक्षिण उतारावर त्यांचं दफन झालं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या निवडक शंका आणि त्यांची उत्तरं.

मुलगा नानजिंगमध्ये नोकरीला आहे. आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडेच उतरणार. पर्यटक व्हिसा काढावा का? (लातूर)

तुमच्यासारख्यांसाठी एस-२ हा वेगळा व्हिसा आहे. चीनमध्ये नोकरी किंवा शिक्षण करणाऱ्या परदेशी माणसाच्या जवळच्या नातेवाइकांना तो मिळतो आणि १८० दिवसांपर्यंतचा मुक्काम त्यात बसतो. मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची आणि तिथल्या निवास परवान्याची प्रत, शिवाय नात्याचा पुरावा लागतो. काम अडतं ते या शेवटच्या कागदापाशी. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक आणि आईच्या पासपोर्टवर दुसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. कुठे लग्नात नावच बदललेलं असतं, कुठे दाखल्यावर नुसतं घरातलं नाव. म्हणून अर्ज भरण्याआधी चार कागद शेजारी-शेजारी मांडा : मुलाचा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट आणि तुम्हा दोघांचे पासपोर्ट. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात, तीही अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. दाखला फक्त मराठीत असेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला काढून घ्या. नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र जोडता येतं, पण ते मानायचं की नाही हे व्हिसा अधिकाऱ्याच्या हाती. वेळ हाताशी असेल तर मूळ कागदच दुरुस्त केलेला बरा.

आणखी एक. हॉटेलात उतरलं की पोलिसांकडची नोंद हॉटेलवाले करतात. मुलाच्या घरी उतरलात की ती जबाबदारी तुमची, आणि मुदत पोहोचल्यापासून २४ तासांची. दमून आलोय, उद्या बघू, असं करू नका.

चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं असं ऐकलं. खरं का? (जालना)

काही देशांच्या नागरिकांसाठी खरं आहे. त्या यादीत भारत नाही.

वय ६८, गुडघे दुखतात. पायऱ्या झेपतील का? (अंबाजोगाई)

खालच्या कमानीपासून वरच्या सभागृहापर्यंत ३९२ पायऱ्या आणि ७३ मीटरचा चढ आहे. दौलताबादला बारादरीपर्यंत गेला असाल तर हे त्याहून पुष्कळ सोपं. तिथल्यासारखी काळोखी भुयारवाट (अंधारी) नाही, फुटक्या-तुटक्या उंच पायऱ्या नाहीत, सगळीकडे रुंद ग्रॅनाइट. चढ सगळीकडे सारखाही नाही. कमानीपासून मुख्य दरवाजापर्यंत झाडांमधून जाणारा लांब, सौम्य रस्ता आहे. दम लागतो तो शिलालेखाच्या मंडपानंतर. मात्र मधूनमधून सपाट चौथरे आहेत, एकूण आठ. प्रत्येक चौथऱ्यावर दोन मिनिटं थांबायचं असं आधीच ठरवा, दम लागेपर्यंत वाट पाहू नका. सावकाश गेलं तरी पाऊण तासात वर पोहोचता.

याच चौथऱ्यांमुळे एक गंमत होते. खालून पाहिलं तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या दिसतात, चौथरे त्यांच्या आड जातात. वरून मागे वळून पाहिलं तर उलट, फक्त चौथरे दिसतात आणि पायरी एकही नाही. ही रचना ल्यू यानज्र या वास्तुकाराची. १९२५ च्या स्पर्धेत त्याचा आराखडा पहिला आला, वरून पाहिल्यास घंटेच्या आकाराचा. बांधकाम संपत आलेलं असताना मार्च १९२९ मध्ये तो वारला, जेमतेम पस्तिशीत.

गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. काठी चढायला नाही घेतली तरी उतरायला हाताशी ठेवा आणि पायऱ्या थोड्या तिरक्या उतरा. पाऊस पडत असेल तर बेत पुढे ढकला, ओला दगड निसरडा होतो. फारच दुखत असेल तर मुख्य दरवाजापर्यंतच जा. निळ्या कौलांच्या त्या दरवाजावर खुद्द सन यत सेन यांच्या हस्ताक्षरातली चार अक्षरं आहेत, अर्थ असा : जग सर्वांचं आहे. तिथवर गेलात तरी फेरी वाया गेली असं होत नाही.

वर गेल्यावर देह पाहता येतो का? बीजिंगमध्ये माओंचा ठेवलाय तसा? (नांदेड)

नाही. देह जमिनीखाली सुमारे ५ मीटरवर पुरून बंद केलेला आहे. सभागृहात संगमरवरी बैठा पुतळा आहे, पॉल लांदोव्स्की या फ्रेंच शिल्पकाराचा. रिओमधला डोंगरावरचा ख्रिस्तही त्याचाच. मागच्या गोल दालनात पहुडलेल्या रूपातली मूर्ती आहे, पण ते दालन बऱ्याचदा बंद असतं, त्यामुळे तेवढ्यासाठी हट्ट धरू नये. सभागृहात टोपी काढायची, फोटो काढायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

तिकीट किती, कोणत्या दिवशी जावं? (धाराशिव)

समाधीला तिकीट नाही, पण पासपोर्ट क्रमांकावर आगाऊ ऑनलाइन आरक्षण लागतं. ते वीचॅट या चिनी मोबाईल अ‍ॅपवरून होतं. फॉर्ममध्ये ओळखपत्राचा प्रकार आधीच चिनी ओळखपत्र असा निवडलेला असतो, तो बदलून पासपोर्ट केला नाही तर क्रमांक चुकीचा दाखवत राहतो. मुलाकडून किंवा हॉटेलच्या काउंटरवरून करून घेणं सोपं. दारावर मूळ पासपोर्ट लागतो, मोबाईलमधला फोटो चालत नाही.

सोमवारी समाधीचा भाग बंद असतो. सोमवारच हाती असेल तर त्याच डोंगरावरचं मिंग श्याओलिंग पाहा. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट झू युआनझांग याची ही कबर २००३ पासून जागतिक वारशात आहे. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दगडी प्राण्यांच्या १२ जोड्या दुतर्फा उभ्या आहेत, उंटापासून हत्तीपर्यंत. खरं सांगायचं तर समाधीची फक्त भव्यता लक्षात राहते, पण या वाटेवरून पाय निघत नाही. इथे तिकीट आहे.

मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावर मूश्यूयुआन किंवा श्यामाफांग स्थानकावर उतरून पुढे डोंगरावरची बस घ्या. सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हाच गाठा. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी, १ मेचे दिवस आणि एप्रिलच्या सुरुवातीचा छिंगमिंग हा पितरांचा सण, एवढे दिवस टाळाच.

मला दमा आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सुट्टीत जावं म्हणतो. (परभणी)

नेमका तो काळ नको. नानजिंगच्या रस्त्यांवर प्लेन या चिनारच्या जातीची हजारो झाडं आहेत, समाधीच्या रस्त्यावरची लागवड तर दफनाच्या वेळचीच. एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत त्यांच्या फळांची बारीक लव हवेत उडते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. जून-जुलैत संततधार असते, नंतर घामट उकाडा. आपला उन्हाळा परवडला, निदान तो कोरडा असतो. तुम्हाला ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर ठीक. डोंगरावरचा आलुबुखाऱ्याच्या जातीच्या झाडांचा बहर फेब्रुवारीअखेर ते मार्च असतो, तेव्हा थंडी मात्र बोचरी.

शांघायला उतरल्यावर नानजिंगला कसं जायचं? (बीड)

विमान बहुधा पुडोंगला उतरतं आणि नानजिंगच्या बहुतेक वेगवान गाड्या होंगछ्याओ स्थानकावरून सुटतात. ही दोन्ही ठिकाणं शहराच्या दोन टोकांना. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यात निदान चार तास ठेवा. रेल्वे प्रवास सुमारे ३०० किलोमीटरचा, एक ते दीड तासाचा. तिकीट १५ दिवस आधी उघडतं आणि पासपोर्टच तिकीट असतो. त्यामुळे क्रमांकात एक आकडा चुकला तरी फाटकावर अडवतात. स्वयंचलित फाटकात पासपोर्ट चालला नाही तर कडेच्या, कर्मचारी असलेल्या फाटकातून जा. रेल्वे-मेट्रोत प्रत्येक वेळी सामान तपासतात. पानाच्या चंचीतला अडकित्ता घरीच राहू द्या.

आम्ही माळकरी. खायचे हाल होतील का? (हिंगोली)

थोडे होतील. नानजिंग हे बदकाचं शहर. शेवयांच्या खिरीसारखी दिसणारी वाटी समोर आली तर ती बदकाच्या रक्ताची असू शकते. भाजीतही डुकराची चरबी किंवा रस्सा असतो, म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'मी शाकाहारी आहे, मांस, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा चालत नाही' हे चिनी लिपीत मोबाईलवर तयार ठेवा आणि दाखवा. शहरातल्या जिमिंग या बौद्ध मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात. इथून दूध-दुभत्याचे पदार्थ, ताजी फळं, बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. केसर आंब्याची पेटी तर नकोच.

डॉ. कोटणीस यांची समाधीही तिथेच आहे ना? (उदगीर)

नाही, ती उत्तरेला हेबेई प्रांतातल्या श्रजियाझुआंग शहरात, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. नानजिंगपासून दूर, बीजिंगहून जवळ. दोन्ही पाहायच्या असतील तर जाताना शांघाय आणि परतताना बीजिंग असं तिकीट काढा, म्हणजे उलटा हेलपाटा पडणार नाही.